करंगळीएवढी फट

[जालना. जहांगीर वकिलांची बैठक. समोर कचरू सुतार.]

जहांगीर : म्हणजे पेटंटचा कागद मिळाला, त्याच फेरीत घरची खबर?

कचरू : व्हय, वकीलसाब. हैदराबादहून गाडीनं आलो. भाऊ ठेसनात उभा होता. म्या आधी त्याला कागदच दाखवला. त्यो बघंचना. मंग म्हणला, वहिनी गेली. ताप डोक्यात गेल्ता. काल उरकलं समदं.

जहांगीर : चार महिने झाले न्हाई?

कचरू : पाच.

जहांगीर : पाणी घ्या. आता त्या शेंगांच्या व्यापाऱ्याची, भुजंगशेठची तक्रार ऐका. तुमच्या कागदाबरहुकूम त्यानं राजूरला शेंगा फोडायचं यंत्र करून घेतलं. शेंगा वरून टाकल्या, खाली तशाच साबूत पडल्या. म्हणतो, पेटंटच खोटं आहे, रद्द करायला लावतो.

कचरू : पडणारच. कागदावर फट चुकलीया.

जहांगीर : कोणी चुकवली?

कचरू : म्याच. पेटंटच्या दफ्तरातल्या मुन्शीनं विचारलं, दोन फळ्यांमधी फट किती? म्या म्हणलं, करंगळीएवढी. त्यानं माझं बोट धरलं, पट्टी लावली, लिवलं.

जहांगीर : मंग बराबरच केलं की.

कचरू : माझी न्हाई ओ, कारभारणीची करंगळी. लाकूड कधी फुगतं, कधी आटतं. म्हणून दर टायमाला ती फटीत बोट धरायची, म्या पाचर ठोकायचो. ती बास म्हणली की थांबायचं. म्हणायची, शेंगा फोडायच्यात का माझं बोट?

जहांगीर : आणि मुन्शीसमोर हे आठवलं न्हाई?

कचरू : त्यानं बोट मागितलं, म्या दिलं. साहेबाच्या दफ्तरात कधी गेल्तो म्या?

जहांगीर : नाव काय बाईंचं? अर्जात लागेल.

कचरू : ...गोजरबाई.

जहांगीर : ऐका मिस्त्री. शेठची तक्रार पोचायच्या आत पेटंटच्या मालकाला स्वतः अर्ज करता येतो. दिलेलं पेटंट पुन्हा तपासा, माप चुकलं, हे खरं माप घ्या, असा.

कचरू : आन् न्हाई मानलं तर?

जहांगीर : तपासायला घेतलं की सगळंच चाळतात. हातचं जाऊही शकतं. म्हणून माप पक्कं पाहिजे. घरचं यंत्र आणा, पट्टी लावू.

कचरू : त्याच्या पाचरी ढिल्या पडल्या. फट ऱ्हायली न्हाई.

जहांगीर : मंग पुन्हा ठोका. टरफल फुटलं, दाणा साबूत निघाला की तेच माप. तुमच्यासारख्याला तासाचं काम.

कचरू : तासाचं बी न्हाई. दोनदा बसलो. थांब म्हणायला कोणी न्हाई, म्या आपला ठोकतच राह्यलो. दाण्याचा भुगा झाला.

जहांगीर : घरात दुसरं कोणी?

कचरू : पोरगी म्हणली, बाबा, मी धरते बोट. म्या न्हाई म्हणलं.

जहांगीर : का? तिचं जाड आहे?

कचरू : न्हाई. तिच्या आईसारखंच हाय. बिलकुल तसंच.

जहांगीर : ...अर्ज लिहून ठेवतो. जुम्म्याला आमचा माणूस हैदराबादला जाणार आहे, त्याच्या आत पाहिजे. सही करा इथं.

कचरू : ही जागा कोरी हाय.

जहांगीर : ती मापाची.

कचरू : मंग बाकी समदं झालं. माप तेवढं घ्यायचं ऱ्हायलंय.