कडू लागतंय

मेव्हणा : अडवला! भाऊजी, अडवला! शेवटची पेनल्टी अडवली, कप आपला!

बायको : अरे हळू! सोफ्याचा एक पाय आधीच लंगडा आहे.

मेव्हणा : मोडू दे, ताई! एवढ्या वर्षांनी फायनल जिंकलोय. ग्लास आण. कपड्यांत गुंडाळून आणल्यात ह्या बाटल्या. बोटीवर सगळे मागे लागले होते, फोड म्हणून. म्हटलं, छे, फायनलच्या दिवशी आणि भाऊजींबरोबरच.

आचारी : बिअरच ना शेवटी?

मेव्हणा : नुसती बिअर काय म्हणता! एल आहे ही, बिअरमधला खास जुना प्रकार. आमची बोट लागली होती त्या बंदरात एकच घराणं पिढ्यान् पिढ्या बनवतंय. रंग बघा, घासलेल्या तांब्यासारखा. आता डोळे मिटून एक घोट घ्या आणि सांगा, काय काय आहे हिच्यात.

बायको : तू पी ना गुपचूप. त्यांना कशाला परीक्षेला बसवतोस?

मेव्हणा : अगं, स्वतःचं हॉटेल चालवणारा आचारी माणूस! नुसत्या वाफेवरून मीठ सांगतात ते.

आचारी : हं... छान आहे. संत्र्याची साल. मध.

मेव्हणा : हे तर बाटलीवर लिहिलंय, भाऊजी. आणि तुमचा फेससुद्धा हललेला नाही. प्यायलात कुठे?

बायको : सांगून टाका हो. घरचाच आहे, उद्या कळणारच त्याला.

मेव्हणा : काय कळणार?

आचारी : चव गेलीय माझी. वासही. हिवाळ्यात तो ताप आला होता ना, तेव्हा गेली ती गेलीच.

मेव्हणा : आणि हॉटेल?

आचारी : मी अंदाजाने करतो, तुझी ताई चाखते. तिने मान हलवली की ताटं बाहेर. गिऱ्हाइकांना पत्ता नाही.

बायको : ते मी जन्मभर केलं असतं रे. पण मागच्या महिन्यात खाली हॉटेलात उतरले, तर स्वयंपाकघर गॅसने भरलेलं. मला पायऱ्यांवरच ठसका लागला. आणि हे निवांत लसूण सोलत बसलेले. लायटर हाताशी.

आचारी : तेव्हा ठरवलं, पुरे आता. हॉटेल देऊन टाकतोय. उद्या सकाळी तो माणूस किल्ल्या न्यायला येईल.

मेव्हणा : आणि फोनवर मला सांगता, सगळं मजेत!

आचारी : भर समुद्रात बसून तू काय करणार होतास? डॉक्टर म्हणाले, आली तर येईल. चल, पोरांनी कप आणलाय, तोंड पाडून बसू नकोस. चिअर्स म्हण.

मेव्हणा : चिअर्स.

बायको : चिअर्स... ई! हा तर काढा आहे नुसता! ह्याच्यासाठी चांगले कपडे नासवलेस?

मेव्हणा : दुसऱ्या घोटाला आवडेल तुला. भाऊजी? काय झालं?

आचारी : गप्प बस जरा. टीव्ही बारीक कर.

मेव्हणा : आता चव घ्यायला टीव्ही कशाला...

बायको : कर ना!

आचारी : कडू लागतंय.

बायको : मी काढा म्हटलं म्हणून वाटतंय तुम्हाला.

आचारी : नाही गं. मागे, घशाच्या तोंडाशी. थांब, अजून एक घोट... आणि त्याच्या मागून पावाची करपलेली कड असते ना, तसं काहीतरी. लिहिलंय का रे बाटलीवर?

मेव्हणा : नाही, भाऊजी. संत्रं आणि मध, एवढंच.

बायको : मागे कॉफीचा वास आला म्हणालात, तो भास निघाला. नंतर चार दिवस कुणाशी बोलला नाहीत. मला पुन्हा आशेला नका लावू. डोळे मिटा. आणि तू, खुणा करायच्या नाहीत.

मेव्हणा : मी कशाला करीन!

बायको : आ करा. हे काय?

आचारी : लिंबू.

बायको : हे?

आचारी : हे... काहीच नाही लागत.

बायको : नीट बघा.

आचारी : खरंच नाही गं. नुसतं ओलं लागतंय.

बायको : पाणीच होतं हो ते! पाणीच होतं! आता हे. फुंकून घ्या.

आचारी : टोमॅटो. सूप आहे. चव लांबून येतेय, शेजारच्या घरातून यावी तशी. पण येतेय.

मेव्हणा : त्या किल्लीवाल्याचा नंबर द्या! आत्ता सांगतो त्याला.

आचारी : दम धर. पुरती आलेली नाही अजून.

बायको : तू कर फोन. म्हणावं, थोडं थांबा. थांबायचं नसेल तर दुसरं हॉटेल बघा. आणि आवाज चढवू नकोस.

मेव्हणा : गॅलरीतून करतो. खाली सगळी गल्ली नाचतेय. मी कितीही ओरडलो तरी लोकांना वाटेल, कपासाठीच.

आचारी : अगं, रडतेस काय? आण बघू अजून एक चमचा. मघाशीच केलंस ना हे?

बायको : हो. का?

आचारी : मीठ जास्त झालंय.

बायको : माहितीये. सामन्याच्या नादात दोनदा पडलं.

आचारी : मग हसतेस काय?

बायको : परत म्हणा.