डावा कान

माहीत होतं. हो हो, पहिल्याच दिवसापासून. आता असं तोंड उघडं टाकून काय बघताय? बसा—तिथं नको, तिथं ऊन येतं—इकडे खांबाला टेकून बसा. केवढी तयारी करून आलात, घसा काय खाकरलात, 'अम्मा, मी तुमचा सुडलै नाही, मी पोलिसातला, माझं नाव कदिरेसन'—अहो, नाव तेवढं माहीत नव्हतं. कदिरेसन. चांगलं आहे. बाकी सगळं तुम्ही सुडलै बनून या घरात आलात त्या दिवशीच कळलं. चेहऱ्यात काही खोट नव्हती हं—ते कपाळ, ते पुढचे दोन दात, चालताना खांदा पाडायची ढब—देवाने एकाच साच्यातून दोघांना काढलं, त्याला कोण काय करणार? शेजारची पोन्नुत्तायी तर तुम्हाला शिव्या घालून गेली, 'आईला टाकून कुठे उलथला होतास रे' म्हणून! पण मी तुमच्या डाव्या बाजूला बसून हळूच विचारलं, मासा वाढू का, आणि तुम्ही लगेच मान हलवली. माझ्या सुडलैला डाव्या कानाने ढिम्म ऐकू येत नाही. लहानपणी कान वाहायचा, गेला तो गेलाच. कुणाला माहीत होतं? मला आणि त्याला. बोटीवर पहाऱ्याला बहिरा माणूस कोण ठेवील—म्हणून बोटीच्या मालकापासून, राजपांडीपासूनसुद्धा लपवायचा, नुसता हसून मान वळवायचा, अशी वळवायचा की लोकांना वाटे काय रुबाब आहे! तुमच्या साहेबांनाही नाही ना सांगितलं त्याने? नाहीच सांगणार. बाकी सगळं ओकला असेल, कान नसेल सांगितला.

मग बोलले का नाही? कुणाकडे बोलू? राजपांडीकडे जाऊ, की तुझ्या बोटीवर सोनं उतरवायला जो येतो तो माझा मुलगा नाही? त्याने तुम्हाला कापून समुद्रात टाकलं असतं आणि वर मलाच विचारलं असतं, मग खरा कुठे लपवलायस. पोलिसांकडे जाऊ? तर पोलीस माझ्याच ओसरीवर झोपलेला! हो, झोपेत 'येस सर' म्हणालात एकदा, तेव्हा तेही कळलं. मग मिठागरावर मीठ ओढता ओढता मी विचार करायची—तिथं हात चालतात, डोकं रिकामंच असतं—की हा माणूस माझ्या मुलाच्या नावाने वावरतोय, म्हणजे मुलगा यांच्या ताब्यात आहे. आणि याचं रोज काहीतरी अडणार, कुणाला काय हाक मारायची, कुणाशी काय भांडण होतं—ते विचारायला यांना सुडलै लागणारच. म्हणजे जोवर हा टिकतोय तोवर तो जिवंत. एवढंच. अडाणी बाईचं डोकं, पण चुकीचं होतं का, तुम्हीच सांगा. म्हणून तुम्हाला सांभाळलं. चार माणसांत तुमच्या ताटातलं वांगं काढून घेतलं, 'हा मेला वांगं कधी खातो' म्हणून. चिन्नदुरै आला की मुद्दाम मोठ्याने म्हणायची, सुडलै, तुझा चिन्नदुरै मामा आला बघ, म्हणजे तुम्हाला कळावं मामा म्हणायचं. वांगं तुम्हाला आवडतं ना? दिसलं मला तोंडावर. मग दार लोटून करून घातलं. हो, घातलं. का घातलं ते नका विचारू.

आणि तोच चिन्नदुरै, राजपांडीचा उजवा हात, संशय घेऊन आला. मला देवळात नेलं, म्हणाला, इसक्की, हातावर कापूर पेटव आणि देवीसमोर सांग, हा तुझाच का? तुम्ही पायरीशी उभे, तोंड पांढरंफटक. मी सांगितलं. या हातावर कापूर जळत होता आणि मी म्हणाले, हा माझ्या पोटचा सुडलै, डोळ्यांसमोर धडधाकट उभा आहे. मग मिठात हात घातला की फोड असे चरचरायचे—नको, हात नका धरू. झालं ते. राजपांडीला पकडलंत ना? बोट, सोनं, माणसं, सगळं? मग झालं तुमचं काम. आता सांगा, त्याला घरी कधी आणताय?

बोला की. शिक्षा होईल म्हणता? होऊ दे, केलंय त्याने, मी कुठे नाही म्हणते. तुरुंगात जाऊन भेटेन. तिथं सांगायला हवं कुणाला तरी, की उजव्या बाजूने बोला, नाहीतर वाटतं हा उर्मट आहे, आणि मारतात. तुम्ही खाली काय बघताय? तंबी. अरे पोरा, मान वर कर म्हणते ना—

ताप? कसला ताप? तापाने कुणी मरतं का, गोळी देतात तापाला. त्याला कुणी—नको, नको सांगूस. तुलाही माहीत नाही? तुलाही कालच सांगितलं? खरं म्हणतोस ना? कधी गेला? पोंगलच्या आधी. थांब, पोंगलच्या आधी? चिन्नदुरै मला देवळात न्यायला आला तो पोंगलनंतर, दारात उसाची चिपाडं पडली होती, त्यांवरून घसरला तो. म्हणजे मी हातावर कापूर घेऊन—म्हणजे तेव्हा तो—आणि मी देवीला सांगते धडधाकट! मग तो नसताना तुला सगळं कोण सांगायचं? कुणाला मामा म्हणायचं, काय खायचं नाही, कुठे हसायचं? कोण? मीच ना. मीच सांगत होते. त्यांना त्याची गरजच उरली नाही रे. घरात मी होते की.

काय? गप्प राहू? खटला संपेपर्यंत? म्हणजे रडायचं नाही, दिवस घालायचे नाहीत. गल्ली म्हणणार, सुडलैने फितुरी करून पळ काढला, आणि मी मासे साफ करत ऐकायचं. पोन्नुत्तायीच्या गळ्यात पडून एकदाही ओरडायचं नाही? तुझ्या जिवाला धोका आहे म्हणतोस. हो. आहेच की. बरं. नाही ओरडत. कुठे जाळलं, एवढं तरी? तेही माहीत नाही. बरं.

उठा आता. निघा. जेवायचं नाही विचारत मी आज. आणि तंबी, परत येऊ नका. तुम्ही वाईट नाही, तुमच्यावर राग धरायला मला जमतही नाही. पण मघाशी दारात उभे राहिलात, आणि सगळं माहीत असून, इतकं माहीत असून, एक क्षण मला—

जा. जा म्हणते ना.