बांधीचं तोंड

कोहमाऱ्याच्या फाट्यावर गोंदियाच्या बसची वाट पाहत होतो. शेजारी माय-लेकी बसल्या होत्या.

"गुंजन, काऊन सारखी उठबस करून राहिली?"

"पाच वाजता गेमची मॅच आहे, माय. उशीर झाला तं टीम काढून टाकते मले."

"तुहा गेम अडकते म्हणत होती ना?"

"आता नाही अडकत. राऊटरमधी बाकी सगळ्याइचं नेट कमी करून ठेवलं."

"म्हणून प्रेरणा व्हिडिओत थिजून राहिली काय? चार दिवस झाले, सासरी गेलेल्या लेकीचं तोंड नाही दिसलं मले."

"बंद नाही केलं, माय. धानाच्या बांधीत पाणी सोडाचं तोंड करतो तसं, बांधीचं तोंड थोडं लहान केलं, बस."

"वरच्या बांधीवालाही असाच बोलते. खालचा धान वाळतेच."

"घरी गेल्यावर तुह्या मोबाइलचं वाढवून देईन."

"त्या राऊटरमधी माह्यं नाव आहे?"

"बाबाचं टाकलं, हेमेंद्रदादाचं टाकलं."

"माह्यं?"

"तुह्यं अननोन येते."

"म्हणजे?"

"म्हणजे, कोणाचा मोबाइल आहे ते राऊटरले माहीत नाही."

"राऊटरले नसन. नावं टाकणारीले तं माहीत होतं?"

"बस आली, माय."

"ट्रक होय तो."