घासून परत केलेले तीन डबे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गुरुसिद्धप्पा सर, प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आपल्या ज्येष्ठांच्या विसावा केंद्राचे सचिव वैजनाथकाका, समोर बसलेले माझे आजोबा, आज्जी, चाचा, खाला, मावश्या, आणि पायऱ्या नकोत म्हणून दाराजवळच खुर्च्या टाकून बसलेले सर्व जण, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार आणि सलाम.

मी कागदावरून वाचणार आहे, याबद्दल आधीच माफी मागते. पाठ केलं होतं, पण मधलं एखादं वाक्य गळालं तर नेमकं तेच महत्त्वाचं निघेल, अशी भीती वाटली. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. वैजनाथकाका सगळ्यांना सांगतात, "ही श्रीदेवी घरात आली की पहिलं उंबऱ्याला टेप लावती, मग माणसाकडं बघती." काका, ते खोटं नाही. आणि काका, तुमच्या मोरीपुढचं गोणपाट अजून तिथंच आहे. काल मी पाहिलं. कृपा करून काढा. पाय अडकून पडलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी मला हेच सांगितलंय की ते रोजचंच होतं, म्हणून लक्षात आलं नाही.

आत्ता सर म्हणाले की श्रीदेवीनं भूम गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांचे हात परत दिले. सर, तुम्ही प्रेमानं बोललात. पण हे वाक्य मला सोलापूरला, नव्या नेमणुकीवर, सोबत नेता येणार नाही. का नेता येणार नाही, तेच सांगायला मी उभी आहे.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. वडील येडशीजवळ एका शेतावर सालानं कामाला होते. रानातच आमची एक खोली होती. जवळचं दुसरं घर ओढ्याच्या पलीकडं. रेल्वे रुळावरून गाडी जायची, तेवढीच काय ती वर्दळ. मी आणि माझी आई खिडक्यांतल्या माणसांना हात करायचो. कुणी उलट हात केला, तर आई दिवसभर ते सांगायची. पुढं वसतिगृह, मग कॉलेज. तिथं प्रत्येकीचं ताट प्रत्येकीनं घासायचं. थोडक्यात, शेजार म्हणजे काय, हे मी कुठंच शिकले नाही. आणि घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, त्यामुळं छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास जरा जास्तच बसला. मी फिजिओथेरपीची पदवी घेऊन इथं आले, तेव्हा माझ्या पिशवीत सांधेदुखीवाल्यांसाठी घरगुती सूचनांचा एक कागद होता. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय. नेहमी लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर ठेवा. पातेलं बोटांनी न उचलता दोन्ही तळव्यांनी धरा. उलथन्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, दांडा जाड झाला की बोटं कमी आवळावी लागतात. नको त्या वस्तू फळीवरून काढून टाका.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी केंद्राचं काम करू लागल्यावर पहिल्याच महिन्यात मला भेटी द्यायला अजीजाबी खालांचं घर मिळालं. त्या आज इथं आहेत, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. त्यांचं नाव घेऊन बोलायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग. पण रडत सांगू नको, लोकांना वाटंल मी मेले."

खालांची बोटं तुम्ही पाहिली आहेत. सकाळी तास-दीड तास मूठच वळत नाही. मुलगा कलीम पुण्याला, घरात त्या एकट्या. मी दर बाजारच्या दिवशी जायचे. आम्ही कडीला कापडाचा गोफ बांधला, म्हणजे बोटानं नाही, मनगटानं दार ओढता येतं. पिठाचा मोठा डबा खाली ठेवून वर लहान डब्यात दोन दिवसांचं पीठ काढून ठेवू लागलो. कांदा चिरायला लाकडी फळीत खालून दोन खिळे ठोकले. कांदा त्यावर रोवला की एका हातानं चिरता येतो. खाला तो कांदा बघून म्हणाल्या, "बिचाऱ्याला सुळावरच दिला की गं." तेलाच्या बाटलीचं झाकण रबराचा तुकडा धरून त्या स्वतः उघडू लागल्या, त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लाल शाईनं 'उत्तम प्रगती' असं लिहिलं.

त्यांच्या फळीवर तीन स्टीलचे डबे होते. एकावर एक ठेवलेले. बुडावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, ल. उ. म्हणजे लक्ष्मीबाई उत्तरेश्वर. भिंतीला भिंत लागून घर. लक्ष्मीमावशीही आज आल्या आहेत, इथं पुढं, दुसऱ्या रांगेत. मावशी, तुमची परवानगी मी घेतलेली नाही. तीन वेळा तुमच्या दारापर्यंत आले आणि परत गेले. त्याबद्दल आधी क्षमा मागते आणि पुढं वाचते.

लक्ष्मीमावशी हुलग्याचे शेंगोळे केले की डब्यात घालून खालांकडं पाठवायच्या. डाळबट्टी केली तरी पाठवायच्या. तीस वर्षं. खालांकडूनही डबा भरून जायचा, कधी शेवया, कधी खजूर, कधी गुळाचा मलिदा. पण बोटं गेली, तसा खालांकडचा डबा अडू लागला. मी विचारलं, तर म्हणायच्या, "राहू दे बेटी. भरून द्यायचाय." एकाचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. मला त्यात काय दिसलं? उंचावर रचलेली भांडी. खाली पडण्याचा धोका.

दीड वर्षापूर्वी खाला पंधरा दिवस पुण्याला गेल्या. किल्ली माझ्याकडं देऊन गेल्या, म्हणाल्या, "तुझ्या मनासारखं मांडून ठेव." मी माझा कागद काढला. नको त्या वस्तू फळीवरून काढून टाका. ते तीन डबे मी चिंचेनं घासले, लख्ख पुसले आणि मावशींच्या दारात गेले.

मावशींनी पहिल्या डब्याचं झाकण काढून आत पाहिलं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याचं काढलंच नाही.

"अजीजानं दिले?"

मी म्हणाले, "हो."

"असेच?"

"हो मावशी, स्वच्छ घासलेत."

मावशी म्हणाल्या, "बरं." आणि डबे घेऊन आत गेल्या. मला वाटलं, कौतुक करायला विसरल्या.

इथं बसलेल्या सगळ्यांना आत्ता कळलं असेल, मी काय केलं. तुमच्यात लहान पोरीलाही कळतं. मला कळलं नाही.

खाला परत आल्या. फळी पाहिली. "डबे?" म्हणाल्या. मी सांगितलं, दिले. "काय घालून?" मी म्हणाले, "काही नाही, नुसते." त्या एवढंच म्हणाल्या, "चहा घेती का?"

त्यानंतर भिंतीपलीकडून डबा आला नाही.

केंद्रात दोघी यायच्या. पूर्वी एकाच सतरंजीवर बसायच्या, आता एक खिडकीशी, एक दाराशी. मला वाटलं, वाऱ्याचा त्रास होत असेल. मी तुमची मनगटं वाकवून पाहत होते, गुडघे मोजत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं तीस वर्षांचा शेजार थांबला होता. रजिस्टरमध्ये दर महिन्याला लिहीत होते, अजीजाबी, स्वयंपाक स्वतः करतात, मदतीची गरज नाही. मदतीची गरज नाही, हे मी किती आनंदानं लिहिलंय, ते तुम्ही पाहू शकता. अक्षर सुद्धा मोठं आलंय.

एकदा दुपारी मी गेले, तर खाला जेवत होत्या. ताट, भाकरी, वरण, सगळं त्यांनी केलेलं. समोर कुणी नाही. मी म्हणाले, "बघा खाला, आता कुणावाचून अडत नाही." त्या घास तसाच धरून म्हणाल्या, "व्हय. कुणाचंच न्हाय अडत."

तेव्हा सुद्धा मला समजलं नाही. मला वाटलं, त्या मला दाद देतायत.

मला समजलं गेल्या महिन्यात. सोलापूरची नेमणूक आली म्हणून मी खोली आवरत होते. घरमालकीण बाईंनी दिलेला पोह्यांचा डबा घासून त्यांना द्यायला गेले. त्यांनी झाकण उघडलं आणि हसल्या. "अगं बाई, एवढी शिकलीस आणि रिकामा डबा देतीस व्हय? चिमूटभर साखर टाकावी, चार शेंगदाणे टाकावेत. रिकामा दिला म्हणजे, बाई गं, आता तुझा डबा नको."

त्या चेष्टेनं बोलल्या. मी जिन्यावरच बसले.

दुसऱ्या दिवशी खालांकडं गेले आणि सगळं सांगितलं. विचारलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "काय बोलायचं? तू माझ्या भल्यासाठीच केलंस. आन् मला वाटलं, लक्ष्मीलाच जड झालं असंल. रोज रोज एका बाजूनंच कोण देणार?"

"मग भिंतीपलीकडं जाऊन विचारायचं."

"हातात काय घेऊन जायचं?"

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना विचारलं होतं, काय काय करता येत नाही. झाकण उघडत नाही का, कडी निघत नाही का, मोरीतून उठता येत नाही का. कशासाठी करायचंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना बोटं हवी होती ती डबा भरायला.

मी म्हणाले, "मी जाते, लक्ष्मीमावशींना सांगते, चूक माझी आहे." खाला म्हणाल्या, "नुसतं तोंडानं सांगून काय होतंय? थांब." त्या उठल्या, खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून, मी शिकवलं तशाच उठल्या, आणि पिठाच्या डब्यामागून एक चौथा डबा काढला. त्यात त्या औषधाच्या गोळ्या ठेवायच्या, म्हणून तो माझ्या हाती लागला नव्हता. ल. उ.

काल दुपारी त्यांनी मलिदा केला. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, चपात्या गरम असतानाच बोटांनी चुराव्या लागतात. खालांची बोटं चुरू शकत नाहीत. त्यांनी चपात्या परातीत घेतल्या, जड वाटीला रबराची पट्टी गुंडाळली आणि वाटीच्या बुडानं दाबत बसल्या. दहा मिनिटं काम, मग गरम पाण्यात हात, मग पुन्हा दहा मिनिटं. एका दमात काम उरकायचं नाही, हे मीच सांगितलेलं. पण मला बघवेना. मी हात पुढं केला, तर माझ्या मनगटावर चापट मारली. "लावू नको. तुझा हात लागला तर तो तुझा मलिदा होईल." गूळ किसता येईना, म्हणून गरम तुपात वितळवला. तीन तास लागले. मी मोरीजवळच्या स्टुलावर बसून नुसती बघत होते. या गावात इतकी वर्षं काढून मी पहिल्यांदाच कुणाच्या घरात काहीच न करता बसले.

डबा भरल्यावर मी म्हणाले, "चला, आत्ताच देऊन येऊ." खाला म्हणाल्या, "मी न्हाय येत. रिकामे तू नेलेस, भरलेला पण तूच ने. आन् चार माणसांत सांग. तिला घरात सांगितलंस तर तिला वाटंल मीच तुला पढवून धाडलं."

म्हणून आज, तुम्ही मला दिलेल्या शाल-श्रीफळाशेजारी या टेबलावर हा जो डबा आहे, तो कुणी आणलाय असं मघाशी वैजनाथकाका विचारत होते, तो मी आणलाय.

मावशी, ते तीन डबे खालांनी पाठवले नव्हते. तुम्ही विचारलंत, अजीजानं दिले का, आणि मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. त्या गावात नव्हत्या. त्यांना ठाऊकही नव्हतं. दीड वर्ष तुम्ही दोघी एकाच भिंतीला दोन बाजूंनी पाठ लावून जेवलात, ते माझ्या एका शब्दामुळं.

आता आभार मानायचे राहिलेत. केंद्रानं मला जागा दिली, सरांनी माझे कागद मोठ्या अक्षरांत लिहून दिले, आणि ज्यांना ते वाचता येत नव्हते त्यांनी मला घरात घेतलं. माझ्या आईलाही वाचता येत नाही. आता तिच्याकडं जाईन, तेव्हा तिच्या गुडघ्याच्या आधी तिला विचारेन, तुला उठून कुठं जायचंय.

मी तुमच्या घरांतून आणखी काय काय हलवलं असेल, मला माहीत नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी निघणार आहे. तोपर्यंत कुणाला काही आठवलं तर येऊन सांगा, मी लिहून घेईन. आणि आज बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं न विचारता घेतलं गेलं असेल, तर तेही पदरात घ्या.

लक्ष्मीमावशी, डबा इथं ठेवते. झाकण सैल लावलंय. डबा तुमचाच आहे, पण खाल्ल्यावर तो पुन्हा भरून द्यावा लागेल, आणि सोमवारनंतर तो न्यायला मी नसेन. तुम्हालाच भिंतीपलीकडं जावं लागेल.