हारमेनसाहेबांचा पाय आणि कचेरीचा जिना

…आणि तो व्हिसाच्या कचेरीतला साहेब उलट मलाच विचारतो, 'बाई, माणूस इथं आलाच नाही, तर त्याला चालता येत नाही हे मी ओळखायचं कसं?' तुम्हाला सांगते, सकाळी आठपासून रांगेत उभी होते मी. हातात डॉक्टरीणबाईंचं पत्र, त्यावर तीन शिक्के, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, की डाव्या मांडीचं हाड मोडलंय, विमानात बसवलं तर रक्ताची गाठ होऊन माणूस दगावेल, पूर्ण बरा होईपर्यंत प्रवास नको. आणि हा म्हणतो, ओळखायचं कसं! बरं, तो आजारी माणूस तरी माझा कोण? भाडेकरू! हॉलंडचा! मला काय त्याचं!

हा हारमेनसाहेब आला होता तीन आठवड्यांसाठी, आमचे ज्वालामुखी बघायला. ज्वालामुखी राहिले बाजूला, हा आपला माझ्या अंगणात बसून कोंबड्या बघतोय! वय पासष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि उंच इतका, की माझ्या घरातल्या प्रत्येक दाराने त्याला एकदा तरी टेंगूळ आणलेलं. टूरिस्टाला आमच्याकडे राहायला नव्वद दिवस मिळतात. त्यातले सत्तर याने काळा घेवडा आणि माझ्या हातच्या मक्याच्या टॉर्टिया खाण्यात घालवले, आणि मग एक दिवस, मी बाजारात गेलेय असं बघून, चढला की हो कौलांवर! का? तर म्हणे स्वयंपाकघरात गळतं! अहो, गळतं तर गळतं! माझा नवरा होता तेव्हापासून गळतंय, कुठल्या थेंबाखाली कुठलं पातेलं ठेवायचं ते मला झोपेतही ठाऊक! पण नाही. कौल नीट बसलं आणि हा पडला, थेट धुण्याच्या टाकीवर. आता माझ्याच घराचं गळणं थांबवताना पडलेला माणूस… टाकवतो का? नाही टाकवत. नाहीतर मला काय त्याचं!

तर त्याचे नव्वद दिवस संपत होते शुक्रवारी, आणि कचेरी बंद होते एकला. मुदत वाढली नाही तर शनिवारी विमान. आणि विमान म्हणजे ती गाठ. मी गुरुवारी साहेबासमोर हात जोडले. ओर्दोन्येससाहेब, तरुण पोरगा, केसांना एवढं तेल! म्हणतो, 'अर्जदार स्वतः टेबलासमोर हवा.'

'साहेब, त्याला येता येत नाही म्हणून तर अर्ज!'

'त्याला येऊ दे की.'

'आणि आला तर?'

'बारा पायऱ्या चढून आला म्हणजे चालता येतं. चालता येतं म्हणजे बरा आहे. बरा आहे, तर जाऊ दे त्याला घरी.'

'आणि नाही आला तर?'

'तर अर्जच नाही!'

म्हणजे त्याने यायचं, पण यायचं नाही! मी ॲम्ब्युलन्सवाल्याकडे गेले. तो म्हणे, 'मावशी, आम्ही फक्त दवाखान्यात नेतो. कचेरीत जाऊन कुणी आजारी पडलं, तर मग बोलवा.' टॅक्सी आणली, तर प्लास्टर कमरेपासून अंगठ्यापर्यंत! पाय आत घेतला की डोकं बाहेर, डोकं आत घेतलं की पाय रस्त्यावर. हा आपला गोड हसतोय, 'ओब्दुलियाबाई, राहू द्या, मी जातो विमानाने.' जातो म्हणे! मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा न चिरताच रडले. हो, रडले! कुणी गेलं म्हणजे जीव कसा होतो ते मी एकदा बघितलंय. दुसऱ्यांदा नको होतं मला. झालं, बोलले!

तेवढ्यात आली तोमासा. तोमासा म्हणजे आमच्या बायकांच्या पालखीची म्होरकी. गुड फ्रायडेला मेरीमाउलीची पालखी आम्ही बायकाच खांद्यावर नेतो. म्हणाली, 'अगं रडतेस काय? सोळा जणींची धाकटी पालखी रिकामीच पडलीय! घाल त्याला वर!'

शुक्रवारी सकाळी घातला. पण आमचं असं आहे बघा, वाजल्याशिवाय आमचे पाय उचलतच नाहीत. बँडच्या ठेक्यावर डावीकडे डुलायचं, उजवीकडे डुलायचं, मग अर्धं पाऊल पुढे. बँड नसला तर सोळा बायका सोळा दिशांना! म्हणून बँड बोलावला. आणि त्या मेल्यांना येतात फक्त शोकाच्या धुना! त्यात पालखी उचलायची म्हणजे काळे कपडे, डोक्यावर काळी जाळी, ही पद्धतच. आता सांगा, पुढे काळ्या कपड्यातल्या बायका, मध्ये आडवा पडलेला माणूस, मागे मरणाचं वाजतंय… लोक काय समजणार? दुकानदारांनी फळ्या लावल्या! एक म्हातारी 'कोण गेलं गं बाई?' म्हणून गळा काढून रडायला लागली, तर या सज्जनाने वरून तिला हात हलवला! पाणी मारून उठवावं लागलं तिला.

मी ओरडतेय, 'अगं चला, एक वाजेल!' तर तोमासा माझ्यावरच डोळे वटारते, 'पालखी पळवायची असते का गं?' आणि दर कोपऱ्यावर खांदेपालट! तिच्या हातात यादी. चौदा नंबरवाली अजून केसच विंचरतेय, थांबा! दहा नंबरवाली म्हणते ही खांद्याची जागा माझ्या आईची, मी कुणाला देणार नाही! तीन गल्ल्यांना अडीच तास लागले, तुम्हाला सांगते, अडीच तास! पालखीखाली घामाघूम होऊन मी म्हणत होते, मला काय त्याचं, मला काय त्याचं… आणि माझी पाळी संपली तरी दांडा सोडत नव्हते.

पोचलो तेव्हा एकला सात मिनिटं कमी. आणि जिन्यात पालखी वळेना! पुढे गेली की कठडा, मागे आली की बँडातला ट्यूबावाला. वर खिडकीत ओर्दोन्येससाहेब. म्हटलं, 'साहेब, दोन मिनिटं खाली या!' 'नियम आहे, बाई. अर्जदार टेबलासमोर!'

तेव्हा तोमासाने पालखी मागे घेऊन खिडकीखाली आणवली आणि बाह्या सरसावल्या. म्हणाली, 'बायांनो, हात वर!' आणि सोळा जणींनी पालखी खांद्यावरून उचलली ती हातांवर, हातांवरून बोटांवर… वर, वर, पार खिडकीशी! हारमेनसाहेबांचं नाक त्या साहेबाच्या नाकासमोर! 'आता टेबल आण रे समोर!' ती गरजली. आणि काय सांगू, त्याने ढकललं हो टेबल खिडकीपाशी! ढकलणारच. पालखी पुढ्यात उभी आणि बँड वाजतोय म्हटल्यावर आमच्या गावात बसून कोण राहणार?

'कधीपर्यंत राहायचंय?' साहेबाने विचारलं. मी खाली, मान मोडलेली, मला दिसत काही नाही. नुसतं ऐकू आलं. हारमेनसाहेब म्हणाले, 'खाली त्या बाई आहेत, त्या ठेवतील तोपर्यंत.'

माझ्या हातातलं बळच गेलं! पालखी माझ्या बाजूने कलली, वर शिक्का आपटला, आणि पत्रात तारीख नव्हती म्हणून साहेबाने जे पत्रात होतं तेच लिहिलं: पूर्ण बरा होईपर्यंत.

याला झाली दोन वर्षं. पाय कधीच बरा झालाय, कोंबड्यांमागे धावतो तो! पण उंबरा ओलांडला की लंगडायचं, असा आमच्या घरचा नियम आहे. परवा बाजारात हाच साहेब समोर आला आणि आमचे हे लागले लंगडायला… उजव्या पायाने!

साहेब थांबला. पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'बाई, मोडला होता तो डावा ना?'

म्हटलं, 'साहेब, दुखणं पसरलंय.'

'अरेरे,' म्हणाला, आणि वही काढून लिहूनच घेतलं त्याने, दोन्ही पाय पूर्ण बरे होईपर्यंत! घे बाबा लिहून, म्हटलं. आमच्या वयात दोन्ही पाय एकदम कुणाचे बरे असतात?