हाकेच्या दोरीनं आलेली होडी

मंडळी, टेकलात ना सगळे? मग आधी एक सांगा. देव बहिरा आहे का? नाही! मनातलं त्याला कळतं ना? कळतं! मग गळ्याच्या शिरा ताणून त्याचं नाव कशाला घ्यायचं? — ते पाहा, खांबापाशी एकांनी मान डोलावली! म्हणजे, 'बुवा, आमचंही हेच म्हणणं!' थांबा हो. तुमच्यासारखेच एक गुरुजी होते, त्यांची गोष्ट ऐका.

आंबेखोल नावाचं खाडीकाठचं गाव. धक्क्याला लागून शाळा. तिथं खांबेटे गुरुजी इंग्रजी शिकवायचे. आवाज असा साजूक, की दुसऱ्या बाकाला ऐकू जायची मारामार! आणि खाडीची रीत काय? होडी पल्याड, ती वल्हवणाऱ्या जानू तारीचं घरही पल्याड. ज्याला खाडी उतरायची, त्यानं धक्क्यावरून हाळी द्यायची — 'ओ जानूदाऽऽ!' पलीकडून 'ओऽऽ' आलं, की समजायचं, होडी सुटली.

गुरुजींच्या कानाला हे सोसेना. एक दिवस शब्दकोश काखोटीला मारून त्यांनी जानूलाच गाठलं.

"जानू, ह्या आरडाओरड्याला इंग्रजीत 'क्लॅमर' म्हणतात. अर्थ ठाऊक आहे? गोंगाट! कलकलाट!"

जानू सुकाणू पुसत म्हणाला, "आसंल, गुर्जी. आमच्यात त्याला बोलावणं म्हनतात."

पण गुरुजी ते गुरुजी! पंचायतीत ठरावच करून आणला. धक्क्यावर उंच बांबू, त्यावर पांढरं निशाण. निशाण चढवा, होडी येईल. ओरडणं बंद! वर्षभर सगळं कसं शांत. गुरुजी खूश!

मग आली माघातली एक सकाळ. गुरुजींची एकुलती लेक मालन बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायला अवकाश होता, पण उजाडतानाच कळा सुरू झाल्या! सुईण आली, पोटाला हात लावला आणि चेहरा उतरला तिचा. "गुरुजी, बाळ आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे. दवाखान्यात न्या!"

आणि दवाखाना? पल्याड!

शेजाऱ्यांनी लेकीला खुर्चीत बसवून धक्क्यावर आणलं. गुरुजींनी घाईघाईनं निशाण चढवलं. वर पाहिलं — आणि मंडळी, पाहतात तर काय? धुकं! बांबूचं टोक दिसेना! पांढऱ्या धुक्यात पांढरं निशाण — कोण बघणार हो?

"बाबा..." मालन कण्हली. "हाक मारा ना!"

गुरुजींनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना! जन्मभर दाबून ठेवलेला गळा तो, मागितला म्हणून लगेच देतोय? लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला, तिची नखं तळव्यात रुतली, आणि पोटातून फाटक्या आवाजात निघालं —

"ओ जानूदाऽऽऽ!"

कधी 'जानू'च्या पुढं न गेलेले गुरुजी, 'दा' म्हणाले!

धुक्यातून आलं, "ओऽऽ! आलो!"

गुरुजी हुश्श करून थांबले. तोच पाण्यावरून आवाज, "थांबू नगा, गुर्जी! वरडत ऱ्हावा! मला धक्का दिसंना. तुमचा आवाज हीच दोरी! दोरी सोडलीत तर होडी भलतीकडंच जायाची!"

झालं! आता ओरडायचं तरी काय? दहा वेळा 'जानूदा' झालं. मग काय सुचेल ते! 'गो! वेंट! गॉन!' झालं! तेराचा पाढा झाला! मालन कळा सोसता सोसता हसली हो! आणि शेवटी, ज्यांनी घरातल्या आरतीतही ओठ हलवले नव्हते, ते गुरुजी 'नारायणा! नारायणाऽऽ!' म्हणून टाहो फोडू लागले. त्या हाकेसरशी होडीचं नाक धुक्यातून बाहेर आलं!

मंडळी म्हणतील, आणि परत जाताना? त्याचीही सोय होती! पलीकडच्या काठावर जानूची बायको उभी. ती हाका घालतेय, नि जानू त्या आवाजावर वल्ही मारतोय. धुक्याच्या दिवसांत हा त्यांच्या घरचा नेमच होता.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला आत घेतलं. दार बंद. गुरुजी बाहेर बाकावर. आत सगळं चिडीचूप. जन्मभर ज्यांनी शांतता मागितली, त्यांना आता ती शांतता खायला उठली! 'देवा, काहीतरी ऐकू येऊ दे रे!'

आणि आलं! "ट्यँहाँऽऽ!" असा टाहो, की गच्चीवरची कबुतरं उडाली!

"नात झाली, गुरुजी! दोघी सुखरूप!"

गुरुजी ढसाढसा रडले, हसले, जानूच्या गळ्यात पडले. म्हणाले, "जानूदा, मी तुला अर्धाच अर्थ सांगितला रे. 'क्लॅमर'चं मूळ लॅटिनमध्ये. तिथं त्याचा अर्थ नुसता हाक मारणं! आणि आपण विम्याचा 'क्लेम' करतो ना, तोही त्याच मुळाचा. ऐक, पोर क्लेम करतेय, हक्क सांगतेय! म्हणतेय, मी आले, मी तुमची!"

जानू म्हणाला, "त्येच तर म्हनत हुतो मी. बोलावणं!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतः निशाण उतरवलं. त्याची दुपटी शिवली नातीला!

तर मंडळी, देव बहिरा नाही. जानू तरी कुठं बहिरा होता? पहिल्याच हाकेला निघाला होता तो! पण धुकं आपल्याभोवती आहे ना? म्हणून हाक सोडायची नाही. आणि तुम्ही? क्रिकेटच्या षटकाराला गल्ली दणाणून सोडता, आणि नारायण म्हणताना ओठावर ओठ!

ते खांबापाशी बसलेले, मान डोलावणारे — हो, तुम्हीच! नामाची सुरुवात तुम्ही करायची. पहिली हाक फाटकी निघाली तरी चालेल. गुरुजींचीही तशीच निघाली होती.