गाठोडं बाहेर ठेवलंय

— हां, तिथंच थांब, चिस्क्वा. पायरी चढायची नाही. बघतोस काय? तुझंच गाठोडं आहे ते. दोन सदरे, बंदूक, ते भोकं पडलेलं घोंगडं — सगळं बाहेर काढलंय. बाईनं नवऱ्याचं सामान दाराबाहेर ठेवलं की लग्न मोडलं, हे आपल्या चेरोकींत शेंबडं पोरही जाणतं. का म्हणून? वर तोंड करून विचारतोस! त्या गोऱ्या साहेबाच्या कागदावर फुली कुणी मारली? 'माझं घर, माझी बाग सोडून पश्चिमेला जातो' — तुझं घर? लग्न करून इथं आलास तेव्हा हातात एक कुऱ्हाड होती तुझ्या. घर माझ्या आईचं, तिच्या आईचं. मका आम्ही पेरला, पीचची झाडं आम्ही लावली. साहेबाचं सोड, त्यांच्यात घर पुरुषाचं असतं, म्हणून त्यानं तुला विचारलं. पण तुझी जीभ झडली होती? 'बायकोला विचारा' म्हणायला काय झालं होतं? नाही — तो घरमालक म्हणाला आणि तू फुगलास!

आता आले ना शिपाई? खालच्या वाडीतली माणसं जेवणावरून उठवली, नि गुरांसारखी छावणीच्या कुंपणात कोंडली. तू तेवढा मोकळा. कशाला मोकळा, तेही ठाऊक आहे — लपलेली माणसं दाखवायला. नाही म्हणू नकोस, मी पाहिलंय तुला त्यांच्या घोड्यांपुढे चालताना. लाज नाही वाटली?

काय? पोरीला छावणीत आणायची, तिथं डॉक्टर आहे? असेल. रोज पोरं पुरतायत तिथं. आणि वालीचं तू विचारूच नकोस. मुलगी माझ्या कुळाची, तिचं काय ते तिचा मामा बघेल. बापानं चौकशा करायच्या नाहीत. ताप उतरलाय तिचा, झालं? काल दोन घासही खाल्ले. माझी आई आहे ना तिच्याजवळ. आता खोकला तेवढा — तो कसा जाणार, धबधब्याचं पाणी सारखं अंगावर उडतं, त्या कपारीत कोरडं असं काही —

असा का बघतोस?

मी काही बोलले नाही. धबधबे काय, या डोंगरांत शंभर आहेत. चिस्क्वा — अरे, आत ये ना. बस. मक्याची भाकर गरम आहे. घर तुझं. खरंच तुझं, साहेबापुढे येऊन सांगते हवं तर, फुली मारते. डॉक्टर नको रे तिला. अरे — तिकडे कुठं? ती छावणीची वाट आहे — चिस्क्वा —